बायकांना कळेल असं बायबल

आजचं वाचन : नहेम्या 8:1-8

कामशेत-तळेगावहून लोकलमध्ये चढल्यावर मोबाइलवर हा भाग उघडाल, तेव्हा पुण्यापलीकडचं केडगाव आठवा. लेवी लोकांना नियमशास्त्राचा अर्थ समजावून सांगत होते. केडगावात ते काम पंडिता रमाबाईंनी अंगावर घेतलं.

1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं, 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पण मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या. त्यांना बायबलमधले संस्कृत शब्द अडायचे. मग चाळिशी उलटलेल्या रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि आपलं संस्कृत बाजूला ठेवून साध्या बायकांच्या तोंडचे शब्द शोधत बसल्या. (मला विचाराल तर नव्या भाषा शिकण्यापेक्षा हेच अवघड!) छपाईला हात तिथल्याच बायका-मुलींचे.

जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. कामाची सगळी भिस्त तिच्यावर होती. रमाबाईंना ऐकूही कमी येत होतं, भाषांतर संपलं नव्हतं. त्या पुन्हा कागद घेऊन बसल्या.

5 एप्रिल 1922 ला त्या प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. छापलेलं संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं.