भोवऱ्यांचा अभ्यासक : लुईस फ्राय रिचर्डसन

वर्गांतील विजेचा पंखा पूर्ण वेगानें फिरूं लागला म्हणजे दोन प्रकारचे ध्वनि कानीं पडतात. एक नियमित गुणगुणाट, आणि दुसरा कोणताहि एक सूर नसलेला सळसळाट. हा दुसरा ध्वनि बव्हंशीं हवेंतील अस्ताव्यस्त भोवरे पात्यांच्या कडांशीं झगडल्यामुळें उठतो. विमानाच्या इंजिनांतील प्रचंड पंख्याचा हा सळसळाट कमी करण्यासाठीं आजचे शिल्पज्ञ झटत आहेत. त्यांच्या विद्येचा एक पाया ज्यांनीं घातला, त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी-मित्रांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

रिचर्डसन ह्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडिलांचा चामडें कमावण्याचा धंदा होता. कुटुंब क्वेकर पंथाचें. मनुष्यानें मनुष्यावर शस्त्र उचलूं नये, ही त्या पंथाची शिकवण. यॉर्क येथील बूथम शाळेंत व पुढें केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. १९१३ सालीं हवामान खात्यानें त्यांस स्कॉटलंडांतील एस्कडेलम्यूर वेधशाळेचे अधीक्षक नेमिलें.

पुढल्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. रिचर्डसन शस्त्र घेण्यास तयार नव्हते. पण घरीं स्वस्थ बसणेंहि त्यांस रुचेना. १९१६ मध्यें नोकरी सोडून ते क्वेकरांच्या रुग्णवाहक पथकांत शिरले, व फ्रान्समध्यें जखमी सैनिकांस गाडींतून वाहून नेऊं लागले. विश्रांतीच्या वेळीं गवताच्या ढिगावर बसून ते २० मे १९१० ह्या दिवसाचें हवामान केवळ गणितानें काढूं पाहात. सहा तासांच्या भाकितासाठीं कित्येक आठवडे आंकडेमोड केली, आणि उत्तर साफ चुकलें. १९१७ मध्यें शँपेनच्या लढाईंत हस्तलिखितहि हरवलें. कांहीं महिन्यांनीं तें बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. १९२२ सालीं त्याचा ग्रंथ झाला. आपलें उत्तर चुकलें, हें त्यांनीं त्यांत लपविलें नाहीं.

भोवऱ्यांविषयींचा त्यांचा प्रसिद्ध विचार त्याच ग्रंथांत आहे. मोठा भोवरा आपली शक्ति लहान भोवऱ्यांस देतो, ते आणखी लहानांस देतात, आणि शेवटीं ती हवेच्या चिकटपणामुळें उष्णतेंत विलीन होते. १९४१ सालीं रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह ह्यांनीं, कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती शक्ति असते, ह्याचा नियम बांधिला. प्रत्येक भोवऱ्याचा माग काढणें आजच्या संगणकांसहि जड जातें. म्हणून शिल्पज्ञ अशा नियमांस धरून संगणकांत कृत्रिम भोवरे निर्माण करितात, ते पात्यांवर सोडतात, पात्यांवरील दाब कसा बदलतो हें गणितानें काढितात, आणि पंखा घडण्यापूर्वींच त्याच्या सळसळाटाचा अंदाज बांधितात.

युद्धानंतर रिचर्डसन खात्यांत परतले होते. परंतु खातें विमानदलाच्या मंत्रालयाखालीं गेल्यामुळें १९२० मध्यें त्यांनीं राजीनामा दिला. पुढें त्यांचें वायुप्रसाराचें संशोधन विषारी वायूच्या जाणकारांस हवेंसें वाटूं लागलें, तेव्हां तो आवडता विषयच त्यांनीं बव्हंशीं सोडला. युद्धें कां होतात, ह्याचा गणितानें शोध घेण्यांत त्यांनीं उत्तरायुष्य वेंचिलें. १९५० सालीं अमेरिकेंत यंत्राच्या साह्यानें गणिती हवामान-भाकित साधलें, हें पाहण्याचें भाग्य त्यांस लाभलें. ३० सप्टेंबर १९५३ रोजीं ते स्कॉटलंडांत निवर्तले.

जी विद्या जीव घेण्याच्या कामीं येऊं नये म्हणून त्यांनीं नोकरीवर व आवडीवर पाणी सोडलें, तीच आज विमानतळाजवळ राहणाऱ्या लेकरांची झोंप मोडूं नये म्हणून राबत आहे. विद्या संपादणें थोर खरें. पण ती कोणाच्या हातीं जाते, इकडे डोळे उघडे ठेवणें त्याहून थोर, असें आम्हांस वाटतें.