सर रोनाल्ड रॉस

अंगावर चार घोंगड्या घातल्या तरी दात वाजावयाचे थांबत नाहीत आणि घटकाभराने सर्वांग तापाने फणफणते, हा अनुभव आपल्या पणजोबांच्या पिढीत कोणास नवा नव्हता. हिवताप दलदलीच्या दूषित हवेतून येतो असे तेव्हा भले भले डॉक्टरही मानीत. मलेरिया या इटालियन शब्दाचा मूळ अर्थच मुळी दूषित हवा असा आहे. ही समजूत ज्यांच्या परिश्रमांनी नाहीशी झाली, त्या सर रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी आपल्याच देशात, अलमोडा येथे झाला.

पिता हिंदुस्थानातील सैन्यात अधिकारी. मुलाचा ओढा काव्य, चित्रकला व संगीत यांकडे. परंतु पित्याच्या इच्छेस मान देऊन त्यांनी लंडन येथे वैद्यकाचे अध्ययन केले. त्यात ते विशेष चमकले नाहीत. १८८१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रविष्ट झाल्यावर त्यांची बरीच वर्षे कविता, कादंबरी व गणित यांच्या नादात गेली.

१८९४ मध्ये रजेवर लंडनला असता डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांची गाठ पडली आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. हिवतापाचे जंतू रोग्याच्या रक्तात असतात, हे लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने १८८० सालीच दाखविले होते. ते जंतू डासात वाढत असावेत, हा मॅन्सन यांचा तर्क. तो पडताळून पाहण्याचा निश्चय करून रॉस १८९५ मध्ये सिकंदराबादेस परतले.

पुढील दोन वर्षे म्हणजे केवळ तपश्चर्या होती. एकेक डास चिरून त्याचा कण अन् कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचा. पंखा ओढला तर चिरलेले डास उडून जात, म्हणून भर उन्हाळ्यातही पंखा बंद. कपाळाच्या व हातांच्या घामाने यंत्राचे स्क्रू गंजले. आणि एवढे करून हाती काही येईना, कारण तपासले जाणारे डास निराळ्याच जातींचे होते! अखेर ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रोग्यास प्रत्येक डासामागे एक आणा देऊन ते त्यास चावू दिले. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांतील एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळ्या कणांनी भरलेल्या पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी चिरलेल्या डासात त्याच पेशी अधिक मोठ्या झालेल्या होत्या. जंतू डासात वाढत होता.

यश असे हाताशी आले असतानाच सरकारी हुकुमाने त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली. तेथे हिवतापाचे रोगी जवळजवळ नव्हतेच. मॅन्सन यांनी विलायतेत खटपट केली, तेव्हा कुठे १८९८ च्या आरंभी कलकत्त्यास खास संशोधनासाठी नेमणूक मिळाली. प्लेगच्या धास्तीने लोक डॉक्टरला बोट टोचू देईनात. म्हणून रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापाकडे मोर्चा वळविला. मोहमद बक्ष हा त्यांचा इमानी साहाय्यक डास पाळण्याचे काम करी. अशा साहाय्यकांची नावे इतिहासात क्वचितच राहतात, म्हणून ते येथे मुद्दाम नमूद केले आहे. त्या वर्षीच्या जुलैत जंतू डासाच्या लाळग्रंथीत सापडले, आणि रोग दंशातूनच पसरतो हे सिद्ध झाले. मानवी हिवतापाबाबत तेच कार्य इटलीतील ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लगोलग पूर्ण केले.

१८९९ मध्ये रॉस यांनी हिंदुस्थान सोडला व लिव्हरपूल येथे ते अध्यापन करू लागले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रासींशी श्रेयावरून झालेला वाद मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. थोर पुरुषाच्या स्वभावातील हा कडवटपणा झाकून ठेवण्याचे कारण नाही. तरुणपणीचा गणिताचा नाद मात्र येथे फळास आला. हिवताप हटविण्यास प्रत्येक डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या विशिष्ट मर्यादेखाली आणली म्हणजे पुरे, हे त्यांनी गणिताने दाखविले.

१९१४ च्या युद्धात त्यांचा थोरला पुत्र कामी आला. १९२७ च्या जानेवारीत ते पुन्हा कलकत्त्यास आले. ज्या रुग्णालयाच्या आवारात त्यांनी संशोधन केले होते, तेथील स्मारकद्वाराचे उद्घाटन त्यांच्यासमक्ष झाले. १९३१ मध्ये पत्नी निवर्तली व पुढच्याच वर्षी, १६ सप्टेंबर रोजी, लंडन येथे त्यांचे देहावसान झाले.