प्लास्टरमधला हात आणि बडगामची ती दुपार

चोवीस. हे वय जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्यातले काही तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतील, काही पहिल्या नोकरीचे इंटरव्ह्यू देत असतील. मेजर सोमनाथ शर्मा गेला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तो एका ओळीत उरकतो: पहिला परमवीर चक्र विजेता. पाठ करायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. आज जरा त्या ओळीपाशी थांबू या.

जन्म ३१ जानेवारी १९२३ चा, कांगड्याच्या डोंगराळ मुलखातला. वडील लष्करात डॉक्टर. शाळा नैनितालच्या शेरवुडमध्ये, मग डेहराडूनचं मिलिटरी कॉलेज. फेब्रुवारी १९४२ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, तो हैदराबाद रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला. हीच पुढे कुमाऊं रेजिमेंट. नात्यातले कॅप्टन कृष्णदत्त वासुदेव त्याच वर्षी मलायात जपान्यांशी लढताना पडले होते. म्हणजे या नोकरीत काय होऊ शकतं, हे त्याला घरातूनच माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशात, आराकानच्या जंगलात लढला.

आता ऑक्टोबर १९४७. स्वातंत्र्याला जेमतेम अडीच महिने झालेले. पाकिस्तानच्या बाजूनं टोळीवाले काश्मिरात घुसले होते. २६ तारखेला संस्थानाचं भारतात विलीनीकरण झालं आणि २७ पासून डाकोटा विमानांनी सैन्य श्रीनगरला उतरू लागलं. सगळं त्या एका धावपट्टीवर अवलंबून होतं. ती गेली की पुढची कुमक उतरणार कुठे?

नेमका तेव्हा सोमनाथचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. हॉकी खेळताना मोडलेला. अशा माणसाला लढाईवर कोण पाठवणार? तो मागे राहिला असता तर कुणी ब्र काढला नसता. पण आपली कंपनी जातेय म्हटल्यावर तो हट्टाला पेटला आणि प्लास्टरसकट विमानात चढला.

३ नोव्हेंबरला तीन कंपन्या श्रीनगर विमानतळाजवळच्या बडगामला गस्तीवर गेल्या. दुपारपर्यंत तसं काही घडलं नाही, म्हणून दोन वाजता दोन कंपन्यांना परत बोलावलं गेलं. सोमनाथच्या डी कंपनीनं तीनपर्यंत थांबायचं होतं. विचार करा, फक्त एक तास! अडीचच्या सुमारास गावातल्या घरांतून गोळ्या सुटायला लागल्या. त्यानं उलट गोळीबार करू दिला नाही, कारण त्या घरांत साधी माणसंही होती. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं कित्येकशे टोळीवाले चालून आले. एका जवानामागे सात, असं प्रमाण.

मागे हटलं तर विमानतळाची वाट मोकळी. तो हटला नाही. उघड्या मैदानातून एका फळीकडून दुसऱ्या फळीकडे धावत राहिला. आपल्या विमानांना दिशा कळावी म्हणून जमिनीवर कापडी पट्टे अंथरले. माणसं कमी पडायला लागली तेव्हा प्लास्टरच्या हातानं स्वतः मॅगझिनमध्ये गोळ्या भरून मशीनगनवाल्यांना देऊ लागला. शत्रू अगदी जवळ आलाय आणि आपण जागा सोडणार नाही, एवढं त्यानं वायरलेसवरून मुख्यालयाला कळवलं. थोड्याच वेळात एक मॉर्टरचा गोळा त्याच्या शेजारच्या दारूगोळ्यावर येऊन पडला.

तो गेल्यावरही कंपनी लढत राहिली. हल्ला जवळजवळ सहा तास अडकून पडला, तोवर कुमक पोहोचली. विमानतळ वाचला. सोमनाथचा देह काही दिवसांनी सापडला. ओळख पटली ती पिस्तुलाच्या चामडी म्यानावरून आणि खिशातल्या गीतेच्या पानांवरून.

गंमत म्हणजे, तो गेला तेव्हा परमवीर चक्र हा सन्मान अस्तित्वातच नव्हता. तो जाहीर झाला २६ जानेवारी १९५० ला, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरून. पदकाचं डिझाइन केलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं युरोपियन, मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्याच झालेल्या, मराठी आणि संस्कृत शिकलेल्या. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेलं इंद्राचं वज्र त्यांनी पदकावर चार वेळा कोरलं. आणि योगायोग बघा, सोमनाथचा एक भाऊ त्यांचाच जावई! दुसरा धाकटा भाऊ विश्वनाथ १९८८ मध्ये लष्करप्रमुख झाला. सोमनाथ मात्र चोवीसचाच राहिला.

त्या दुपारी बडगामला त्याच्याबरोबर वीसच्या वर कुमाऊंनी जवानही पडले. बरेचसे आपल्याच वयाचे असतील. त्यांची नावं कुठल्या प्रश्नपत्रिकेत येत नाहीत. पुढच्या वेळी ते एका मार्काचं उत्तर लिहाल ना, तेव्हा पेन क्षणभर थांबवा आणि त्यांनाही त्यात धरा.