साने गुरुजी : कंदिलाच्या काचा पुसणारे शिक्षक



साने गुरुजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ‘श्यामची आई’, २४ डिसेंबरची जयंती, परिपाठातली प्रार्थना आणि पटकन डोळे भरून येणारे हळवे गुरुजी. जयंतीला मुलं भाषण पाठ करून येतात. त्यात जन्मगाव असतं, आईचं नाव असतं, पुस्तकांची यादी असते. टाळ्या होतात आणि आपण दुसऱ्या तासाकडे वळतो.

यात चुकीचं काही नाही. पण आज आपण नेतृत्वगुण, जीवनकौशल्यं, भावनिक आरोग्य या विषयांची प्रशिक्षणं घेतो, तक्ते भरतो, फोटो पाठवतो. शंभर वर्षांपूर्वी अंमळनेरच्या एका वसतिगृहात एका तरुण शिक्षकाने हेच काम कोणत्याही तक्त्याशिवाय केलं होतं. ते कसं केलं, हे आपल्याला माहीत असायला हवं. आणि त्यांच्या आयुष्याचं शेवटचं पानही माहीत असायला हवं, जे आपण सहसा उघडतच नाही.

पालगडचा पांडुरंग

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोली तालुक्यातल्या पालगडला झाला. घराणं खोतांचं. पण वडील सदाशिवरावांच्या काळात घराची परिस्थिती घसरत गेली आणि कर्ज वाढत गेलं. आई यशोदाबाईंनी त्या ओढाताणीतही मुलांवर प्रेम केलं आणि वेळप्रसंगी धाकही दाखवला.

शिक्षणासाठी या मुलाची फरपट झाली. आधी दापोलीची मिशन शाळा, मग औंध, मग पुणे. कधी फी नाही, कधी पोटभर जेवण नाही. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा हा शाळकरी मुलगा तिच्याजवळ नव्हता. ती सल त्यांच्या मनात कायम राहिली.

पुढे ते एम.ए. झाले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अंमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आपल्या दृष्टीने खरी गोष्ट इथून सुरू होते.

घंटा, छडी आणि झाडू

वसतिगृहात खानदेशातल्या गावांमधून आलेली मुलं होती. वय साधारण बारा ते सोळा, म्हणजे घराची आठवण येते पण सांगायची लाज वाटते असं. अशा मुलांना सांभाळायचं म्हणजे वेळेवर घंटा द्यायची, हजेरी घ्यायची, चुकेल त्याला शिक्षा करायची, असाच सर्वसाधारण समज होता.

गुरुजींनी वेगळं सुरू केलं. कुणाची खोली अस्ताव्यस्त दिसली तर ते स्वतः झाडून काढत. पसरलेलं अंथरूण घडी घालून ठेवत. मुलांच्या कंदिलांच्या काजळलेल्या काचा पुसत. मळके कपडे दिसले तर धुऊन वाळत टाकत. कुणी आजारी पडलं तर त्याच्या उशाशी बसून रात्र काढत. आणि हे सगळं करताना भाषण देत नसत.

मुलांना सुरुवातीला हे विचित्र वाटलं असणार. सर आपला कंदील पुसतात म्हणजे काय? पण हळूहळू मुलं ओशाळली. सर येण्याच्या आत खोली झाडली जाऊ लागली, काचा लखलखू लागल्या. शिक्षेच्या भीतीने जे टिकलं नसतं ते इथे टिकलं, कारण ते करणारा माणूस मुलांना आपला वाटू लागला होता.

इथे पालकांनी आणि आपणही जरा थांबून विचार करायला हवा. सातवीतल्या मुलाचं दप्तर आई भरते, प्रकल्प बाबा करतात, हेही प्रेमच असतं. मग गुरुजींच्या प्रेमात आणि या प्रेमात फरक काय? आपण मुलाचं काम करतो तेव्हा बहुतेक वेळा ते लवकर उरकावं म्हणून करतो. मूल तिथे नसलं तरी चालतं. गुरुजींचं काम मुलांच्या डोळ्यांदेखत चालायचं आणि ते मुलांनी उचलावं इथवर पोहोचायचं. एका वाटेने मूल परावलंबी होतं, दुसऱ्या वाटेने जबाबदार. दोन्हीकडे झाडू मोठ्यांच्याच हातात असतो, म्हणून फरक चटकन दिसत नाही.

हाताने लिहिलेलं दैनिक

गुरुजींचा दुसरा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. वसतिगृहासाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. छापखाना नाही, पैसे नाहीत. शाळेचं काम सांभाळून स्वतः बसून लिहायचं आणि मुलांना वाचायला द्यायचं. त्यात थोरांची चरित्रं, देशात काय चाललंय ते, निबंध, वसतिगृहातल्या साध्यासुध्या गोष्टी असत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक सुरू केलं.

रोज एक माणूस केवळ आपल्यासाठी लिहितो, हे त्या मुलांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. खेड्यातून आलेल्या मुलाला या पानांतून कळत होतं की आपल्या खोलीपलीकडे मोठं जग आहे आणि त्यात आपलंही काही काम आहे. वर्गप्रतिनिधी म्हणून बिल्ला लावल्याने नेतृत्व येत नाही. आजूबाजूला काय चाललंय ते पाहायचं, त्यावर विचार करायचा आणि बोलायचं, ही सवय लागली की नेतृत्व येतं. ती सवय लावायला एक वही आणि रोजचा अर्धा तास पुरतो, पण त्यात खंड पडू द्यायचा नाही. कठीण भाग तोच आहे.

आपल्या चुका सांगणारा नायक

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंगवास घडले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

हे पुस्तक आपण आईच्या थोरवीसाठी वाचतो. एकदा श्यामसाठी वाचून पाहा. हा नायक पैसे चोरतो, पाण्याला घाबरतो, लोक हसतील म्हणून लाजतो. आणि मोठा झालेला श्याम हे सगळं रात्रीमागून रात्र आपल्या सोबत्यांना मोकळेपणाने सांगतो. चुकलो, घाबरलो, रडलो हे एक मोठा माणूस सांगतोय, हे ऐकताना मुलाच्या मनातली गाठ सैल होते. भावनिक आरोग्याचा यापेक्षा चांगला पाठ कोणत्या पुस्तिकेत आहे?

पोहण्याचाच प्रसंग घ्या. श्याम लपून बसतो, आई त्याला मारत विहिरीकडे पाठवते. संध्याकाळी त्याच आईचं मन त्याच्यासाठी कळवळतं. ती त्याला जवळ घेते, आपण असं का केलं ते समजावते, त्याच्यासाठी दही ठेवते. आजच्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तेव्हा आपण मार सोडून द्यायचा आणि संध्याकाळ उचलायची. मुलाला कठीण गोष्टीसमोर उभं करायचं, पण नंतर त्याच्याशेजारी बसून बोलायचं. आपल्याकडे बऱ्याचदा उभं करणं होतं, बसणं राहून जातं.

मंदिराच्या दारात

पुढची वर्षं शेतकरी-कामगारांसाठी काम, १९४२ चा लढा, भूमिगत जीवन, पुन्हा तुरुंग अशी गेली. १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मनं वळवली आणि मग १ मे ते १० मे असं उपोषण केलं. मंदिर खुलं झालं.

मुलांना हा प्रसंग सांगताना एक गोष्ट जरूर सांगावी. गुरुजी स्वतः त्या मंदिरात केव्हाही जाऊ शकत होते. दार त्यांच्यासाठी बंद नव्हतंच. ज्यांच्यासाठी बंद होतं, त्यांच्यासाठी त्यांनी प्राण पणाला लावले. वर्गात एखाद्या मुलाला कुणी डब्यात घेत नसेल, खेळात घेत नसेल, तर त्याच्या बाजूने उभा राहणारा मुलगा किंवा मुलगी हीच त्या वर्गाची खरी पुढारी, हे यावरून मुलांना नीट समजतं.

शेवटचं पान

आता ते पान, ज्याविषयी आपण बोलायचं टाळतो.

गांधीजींच्या हत्येने गुरुजी खोल दुखावले. त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं. तरीही काम थांबलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक सुरू झालं. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून ‘आंतरभारती’चं स्वप्न त्यांनी मांडलं. पुतणी सुधाला ते सुंदर पत्रं लिहीत होते, त्यांत फुलं होती, पाखरं होती, आकाश होतं. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

याचं एकच कारण शोधण्याचा प्रयत्न करू नये. असं टोकाचं पाऊल कधी एका कारणाने उचललं जात नाही. त्याला त्याग म्हणून मोठं करू नये आणि दुबळेपणा म्हणून लहानही करू नये. आपण एवढंच लक्षात घ्यावं, की ज्यांनी शेकडो मुलांचं दुःख ओळखलं, त्यांचं दुःख हलकं झालं नाही. वरून काम चालू होतं, लिहिणं चालू होतं, पत्रांत फुलं होती. म्हणजे जो हसतखेळत काम करतोय तो आतून ठीकच असेल, असं धरून चालता येत नाही. हे वर्गातल्या शहाण्या, सगळ्यांना मदत करणाऱ्या मुलाला लागू आहे. आणि शिक्षक मित्रहो, ते आपल्यालाही लागू आहे.

आपण काय करू शकतो?

१. आठवड्यातून एक काम मुलांबरोबर करा. फळा पुसणं, झाडांना पाणी, वाचनपेटी लावणं, काहीही. सूचना देत उभं राहू नका, हात लावा आणि पुढच्या आठवड्यात ते काम मुलांकडे सोपवा.

२. वर्गाचं एक हस्तलिखित पान सुरू करा. पहिले पंधरा दिवस तुम्ही लिहा, मग पाळीपाळीने मुलं लिहितील. शुद्धलेखनाच्या चुका तिथे लाल शाईने दाखवू नका.

३. रागावल्यावर त्याच दिवशी मुलाशी दोन मिनिटं बोला. घरीही हा नियम पाळा. मूल रुसून झोपी गेलं, सकाळी विसरेल, असं म्हणू नका.

४. मूल एकदम गप्प झालं, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागलं, जगण्याला कंटाळल्यासारखं बोललं, तर ते नाटक समजू नका. ऐकून घ्या, एकटं सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या आणि समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे न्या. मुलांसाठी चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक वर्गात दिसतील असे लावा.

५. शिक्षक खोलीत निदान एक माणूस असा असू द्या, ज्याला आज मला जमत नाहीये असं सांगता येईल. तुम्हीही कुणासाठी तरी तो माणूस व्हा. वरचा १४४१६ क्रमांक मोठ्यांसाठीही आहे.

येत्या २४ डिसेंबरला भाषणं होतीलच, ती होऊ द्या. सोबत मुलांना अंमळनेरच्या वसतिगृहाची गोष्ट सांगा आणि मग सगळे मिळून आपला वर्ग झाडून काढा. आणि त्या दिवशी सुट्टीत, जो सहकारी नेहमी सगळ्यांची विचारपूस करतो, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तो कसा आहे ते विचारा. उत्तर ऐकायला थोडा वेळ हाताशी ठेवून विचारा.