चित्रपटांची वाट बांधणारे जमशेदजी मदन

चित्रपट निर्माण करणाऱ्यांची नावे इतिहास आदराने जपतो. तो चित्रपट प्रेक्षकांच्या दारापर्यंत नेणाऱ्यांची नावे मात्र सहसा मागे पडतात. दादासाहेब फाळके यांचे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच काळात कलकत्त्यातून चित्रपटगृहांचे जाळे विणत ते पार ब्रह्मदेश व सिलोनपर्यंत नेणारे जमशेदजी फ्रामजी मदन आपल्याकडे फारसे कोणाला आठवत नाहीत. वास्तविक ते मूळचे मुंबईचेच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतील एका मध्यमवर्गीय पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईला सट्ट्याचे वेड लागले. 1865 साली युद्ध संपताच तो डोलारा कोसळला व कित्येक सुखवस्तू घरे रस्त्यावर आली. मदन कुटुंबालाही त्याची झळ बसली आणि कोवळ्या वयातच जमशेदजींची शाळा सुटली. एल्फिन्स्टन नाटक मंडळीत त्यांना काम मिळाले, ते रंगमंचावरील सामानसुमान मांडण्याचे. पुढे त्यांनी भूमिकाही केल्या आणि मंडळीबरोबर मुलुखगिरीही केली. कोणत्या गावाला काय आवडते, चार आण्यांचा प्रेक्षक कशाला टाळी देतो आणि रुपयाचा प्रेक्षक कशाला नाक मुरडतो, याचे शिक्षण त्यांना या भटकंतीतच मिळाले.

1880 च्या दशकात ते कलकत्त्यास स्थायिक झाले. हे शहर तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होते. लष्कराला मालपुरवठा करण्याच्या व्यापारात त्यांनी चांगला जम बसवला. पण नाटकाची ओढ सुटली नव्हती. हाती पैसा येताच त्यांनी नाटकगृहे व नाटक मंडळ्या विकत घेण्यास आरंभ केला. लहानपणी ज्या एल्फिन्स्टन मंडळीत त्यांनी सामान वाहिले होते, ती मंडळीही यथावकाश त्यांच्याच मालकीची झाली.

1902 साली जमशेदजींनी कलकत्त्याच्या विस्तीर्ण मैदानावर तंबू ठोकून बायोस्कोपचे खेळ सुरू केले. हलती चित्रे हे तेव्हा जत्रेतील नवल होते. तंबूवाल्याचे गणित सोपे असे: चित्रफिती त्याच, गाव तेवढे नवे. पाच वर्षांनी, 1907 साली, त्यांनी एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे कायमचे चित्रपटगृह उभारले आणि ते गणित उलटे झाले. आता प्रेक्षक तेच राहणार होते. त्यांना पुन्हा पुन्हा येण्यास लावायचे तर चित्रपट सतत नवे हवेत. पण दर आठवड्याला परदेशातून नवी चित्रफीत आणून ती एकाच पडद्यावर दाखवणे परवडणारे नव्हते. एका चित्रफितीचा खर्च अनेक पडद्यांवर वाटला गेला, तरच धंदा तगणार होता. जमशेदजींच्या साऱ्या विस्ताराचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

त्यांनी एकामागून एक चित्रपटगृहे बांधली, विकत घेतली, भाडेपट्ट्याने चालवली. मोठ्या शहरांबरोबरच लष्करी छावण्यांकडेही त्यांचे लक्ष होते. रेल्वेने चित्रफितींचे डबे एका गावाहून दुसऱ्या गावी फिरू लागले. प्रेक्षकही एकजिनसी नव्हता. चौरंगीच्या परिसरात साहेबलोकांसाठी विलायती चित्रपट, तर उत्तर कलकत्त्याच्या देशी वस्तीत पुराणकथा. मूकपटाला भाषेची भिंत नव्हती. मधल्या मजकुराच्या पाट्या तेवढ्या त्या त्या भाषेत दिल्या की तोच चित्रपट दुसऱ्या प्रांतात चाले.

येथे फाळके यांची आठवण अपरिहार्य ठरते. 1913 साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. फाळके स्वतः चित्रपट घडवत, स्वतःच जाहिराती करत आणि बैलगाडीत यंत्रसामग्री घालून खेड्यापाड्यांत खेळ करत. कला त्यांच्या हाती होती, पण पडदे दुसऱ्यांच्या मालकीचे होते. चारच वर्षांनी, 1917 साली, मदन यांनी तीच कथा घेऊन ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ काढला. कथा जुनीच असली, तरी तो दाखवायला स्वतःची चित्रपटगृहे सज्ज होती. 1919 साली त्यांचा ‘बिल्वमंगल’ कलकत्त्याच्या कॉर्नवॉलिस थिएटरात प्रदर्शित झाला आणि बंगाली चित्रपटाचा आरंभ म्हणून तो गणला गेला. त्याच वर्षी या साऱ्या व्यवसायाची मदन थिएटर्स लिमिटेड ही कंपनी झाली. चित्रपट काढणे, आणणे, वाटणे आणि दाखवणे ही चारही कामे आता एकाच छत्राखाली आली.

1923 साली जमशेदजींचे निधन झाले. ब्रिटिश सरकारने त्यांना मानाचे किताब दिले होते. पुढे पुत्र जे. जे. मदन यांनी कारभार आणखी वाढवला आणि भरभराटीच्या दिवसांत चित्रपटगृहांची संख्या सव्वाशेच्या घरात गेली. त्याचबरोबर तक्रारीही वाढल्या. सारी वाट एकाच घराण्याने अडवली तर लहान निर्मात्याने व एकट्या चित्रपटगृहवाल्याने जावे कोठे, हा प्रश्न टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी चौकशी समितीसमोर 1927-28 मध्ये चर्चिला गेला. आजही मोठा चित्रपट बहुतेक पडदे व्यापतो आणि छोट्या मराठी चित्रपटाला सकाळचा गैरसोयीचा खेळ मिळतो, तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो.

मदन यांच्या साम्राज्याचा ऱ्हास मात्र कोणत्या कायद्याने झाला नाही. तो ध्वनीने झाला. एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्ये परदेशी बोलपट दाखवून भारतीय प्रेक्षकाला या नवलाची ओळख मदन यांनीच करून दिली होती. 1931 साली ‘शिरीं फरहाद’ आणि पुढच्या वर्षी सत्तरएक गाण्यांचा ‘इंद्रसभा’ काढून त्यांनी नवे युग आपलेसे करू पाहिले. परंतु इतक्या चित्रपटगृहांत ध्वनियंत्रे बसवण्याचा खर्च प्रचंड होता. त्यात जागतिक मंदी आली. आणि बोलपटाने प्रत्येक प्रांताची भाषा वेगळी करून ठेवल्यामुळे एकच चित्रपट सर्वत्र फिरवण्याचे जुने गणितही मोडले. पडद्यांची जी संख्या मदन यांचे बळ होती, तीच आता ओझे झाली. काही वर्षांतच चित्रपटगृहे एकेक करून हातची गेली.

एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस पुढे मिनर्व्हा आणि मग चॅप्लिन या नावांनी ओळखले गेले. 2013 साली ती वास्तूही पाडण्यात आली. फाळके यांच्या चित्रफितींचे निदान काही तुकडे उरले. मदन यांनी बांधलेल्या वाटेची खूणही उरली नाही. तरीही शाळा अर्धवट सुटलेल्या, रंगमंचावर खुर्च्या मांडणाऱ्या त्या मुलाने एक गोष्ट सर्वांच्या आधी ओळखली होती. कलाकृती पूर्ण झाली म्हणजे काम संपत नाही. तिच्यासाठी खुर्ची मांडणारा आणि त्या खुर्चीवर येऊन बसणारा, दोघेही मिळावे लागतात. त्यांनी हजारोंसाठी खुर्च्या मांडल्या. पडद्यावर कोणाला जागा द्यायची हे मात्र एकाच घराण्याने ठरवावे का, हा धडा त्यांच्या चरित्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलेला आहे, आणि तोही तितक्याच लक्षपूर्वक वाचायला हवा.