धर्मानंद कोसंबी: बुद्धांचं ‘दुःख’ मराठीत समजावून सांगणारा गोव्याचा अभ्यासक

बौद्ध धर्म म्हणजे आयुष्याबद्दलची निराशा, असं अनेकांना वाटतं. पण बुद्धांनी फक्त दुःख आहे एवढंच सांगितलं नाही. त्याला कारण आहे, ते थांबवता येतं आणि त्यासाठी मार्ग आहे, हेही सांगितलं. ही चार आर्यसत्यं मूळ पाली ग्रंथांतून मराठी वाचकांपर्यंत आणणाऱ्यांत आघाडीचं नाव म्हणजे धर्मानंद कोसंबी.

घर सुटलं

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम झालं. ‘बालबोध’ मासिकातलं बुद्धचरित्र वाचलं आणि त्यांना बुद्धांचा ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते निघाले.

पुण्याहून ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळ आणि १९०२ मध्ये श्रीलंका. तिथे भिक्खू होऊन त्यांनी पालीचा अभ्यास केला.

दुःखाचा शोध घेणाऱ्या या माणसामुळे घरच्यांच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षांची ताटातूट आली. पुढे चीवर उतरवून ते संसारात परतले. १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला. तेच नामवंत गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी.

बुद्धांनी घर का सोडलं?

धर्मानंदांनी अमेरिकेत हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. १९३७ मध्ये मुंबईत परळला कामगारवस्तीत ‘बहुजन विहार’ उभारला.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. कोसंबींना ती पटली नाही. जुन्या ‘अत्तदंड सुत्ता’त शस्त्रं घेऊन एकमेकांशी भांडणाऱ्या माणसांचं वर्णन आहे. त्याचा आधार घेत त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणाकडे बोट दाखवलं. म्हणजे दुःख फक्त म्हातारपण आणि मरणाचं नाही, माणसानं माणसाला दिलेलंही असतं. असं दुःख माणसांना थांबवताही येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागामागे हाच पाण्याचा वाद आहे.

शेवट

उतारवयात आजारानं शरीर थकलं. कोणावर भार नको म्हणून कोसंबींनी अन्न सोडलं. जून १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात त्यांचं निधन झालं. स्वातंत्र्य तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांवर होतं.