हेझल स्कॉट : कोर्टात जिंकल्या, यादीत हरल्या

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले. १९२० साली त्रिनिदादला जन्मलेल्या हेझल स्कॉट चौथ्या वर्षी त्याच शहरात आल्या आणि नामवंत पियानोवादक झाल्या. काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवतील तिथे वाजवणार नाही, ही अट त्या करारातच घालून घेत. वकील म्हणून मला हेच मोठे वाटते. हक्क कागदावर हवा!

१९४९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील पास्को येथील हॉटेलात त्यांना काळ्या म्हणून जेवण नाकारले. त्या कोर्टात गेल्या, जिंकल्या. आमच्या झरीसारख्या खेड्यापाड्यांतून ज्यांनी वेगळ्या कपबशीत चहा घेतला, त्यांना याचे मोल सांगायला नको.

३ जुलै १९५० ला ड्यूमाँट दूरचित्रवाणीवर त्यांच्याच नावाचा कार्यक्रम सुरू झाला. कृष्णवर्णीय स्त्रीला असा मान तेव्हा दुर्मीळ होता. पण कम्युनिस्टधार्जिण्यांच्या एका छापील यादीत त्यांचे नाव आले होते. २२ सप्टेंबरला त्या स्वतःहून संसदीय समितीपुढे गेल्या, आरोप फेटाळला. आठवड्यात कार्यक्रम बंद! पती ॲडम क्लेटन पॉवेल खासदार, तरीही. यादीवर अपील कुठे करणार?

१९५७ मध्ये त्या पॅरिसला गेल्या, दहा वर्षांनी परतल्या. २ ऑक्टोबर १९८१ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वर्षीही त्या पियानो वाजवत होत्या.